खरे, पण उताऱ्यात नसलेले: क्लॅटच्या अनुमान-प्रश्नांत अडकलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

निफाड तालुक्यातील एक विद्यार्थिनी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि बारावीच्या वर्षी नाशिकला राहून क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, तयारी करू लागली. तिचे इंग्रजी वाचन चांगले होते, कायदेविषयक उताऱ्यांत तिला गुण पडत होते, आणि तर्काच्या विभागातही युक्तिवादामागचे गृहीतक हुडकणे किंवा युक्तिवाद दुबळा करणारा पर्याय निवडणे तिला जड जात नव्हते. मात्र ‘वरील उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणता निष्कर्ष निघतो’ या धर्तीचा प्रश्न आला की तिचे उत्तर बहुधा चुकत असे, आणि उत्तरतालिका पाहिल्यावरही तिला आपलेच उत्तर बरोबर वाटत असे. निदानाच्या दृष्टीने यातला दुसरा भाग अधिक बोलका होता. घाईत चुकलेला विद्यार्थी उत्तरतालिका पाहून कपाळावर हात मारतो. ही विद्यार्थिनी उत्तरतालिकेशी वाद घालत असे, आणि तिचे मुद्दे टाकाऊ नसत.

परीक्षेची चौकट थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. 2020 पासून क्लॅटचा सगळा भर उताऱ्यांवर आहे. 2024 च्या प्रवेशांसाठी झालेल्या परीक्षेपासून 120 मिनिटांत 120 प्रश्न सोडवायचे असतात, आणि त्यांपैकी 22 ते 26 प्रश्न तर्काचे असतात. उतारा साधारण 450 शब्दांचा असतो. बरोबर उत्तराला 1 गुण मिळतो, चुकीच्या उत्तराला 0.25 गुण वजा होतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे पदवीचे प्रवेशही याच परीक्षेवरून होतात. तिथल्या जागा मोजक्या असल्याने एकाच प्रकारचे प्रश्न सातत्याने चुकणे परवडणारे नव्हते.

एक चुकलेले उत्तर

सरावासाठी वर्गात तयार केलेला पुढील उतारा तिला दिला होता. मूळ इंग्रजीतील मजकुराचा गाभा असा: एका शहराच्या महापालिकेने मालमत्ता करात सवलत जाहीर केली. ज्या गृहनिर्माण संस्था ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावत होत्या, फक्त त्यांनाच ती देण्यात आली. नदीकाठच्या प्रभागातील बहुतेक संस्थांना गेल्या वर्षी ही सवलत मिळाली. त्या प्रभागातील बहुतेक संस्था वीस वर्षांहून जुन्या आहेत. त्याच वर्षी त्या प्रभागातून कचरा डेपोकडे जाणाऱ्या ओल्या कचऱ्याचे वजन घटले. ही सर्व विधाने खरी मानल्यास काय अपरिहार्यपणे खरे ठरते, असा प्रश्न होता आणि पर्याय चार होते.

अ) करसवलतीमुळे प्रभागातील संस्था ओला कचरा आवारातच जिरवू लागल्या.
आ) ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारात लावणाऱ्या प्रत्येक संस्थेला सवलत मिळाली.
इ) प्रभागातील वीस वर्षांहून जुन्या किमान एका संस्थेने ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारात लावली.
ई) जुन्या संस्था कचऱ्याच्या बाबतीत नव्या संस्थांपेक्षा अधिक जागरूक आहेत.

तिने ‘अ’ निवडला आणि समासात पेन्सिलीने लिहिले, ‘उताऱ्याचा मुद्दा हाच.’ ‘इ’ समोर तिचा शेरा होता, ‘असे कुठेच म्हटलेले नाही, शिवाय किरकोळ.’

या दोन शेऱ्यांत तिची सगळी अडचण सामावलेली होती. उताऱ्याचा मुद्दा काय, याचे तिचे आकलन चुकीचे नव्हते. लेखकाला बहुधा तेच सुचवायचे असावे. शाळेत उताऱ्याचे सार लिहिताना, कवितेचा आशय सांगताना किंवा निबंधाचा समारोप करताना आपण मुलांना हेच शिकवतो, की ओळींच्या पलीकडे जा, विखुरलेले धागे जुळवा आणि मोठे विधान करा. ही विद्यार्थिनी त्या शिक्षणात हुशार ठरलेली होती. अनुमानाचा प्रश्न मात्र याच्या नेमके उलट मागतो. दिलेल्या विधानांनी जे बांधून दिले आहे तेवढेच घ्यायचे, मग ते कितीही किरकोळ आणि नीरस असो. त्यामुळे या प्रश्नांत चांगला वाचक सुमार वाचकापेक्षा अधिक सहजपणे फसतो, असे माझे मत आहे. सुमार वाचकाला मोठा अर्थ दिसतच नाही.

‘इ’ का बरोबर, हे आकड्यांत मांडल्यावर तिला लगेच पटले. प्रभागात अकरा संस्था आहेत असे समजू. बहुतेक म्हणजे निम्म्याहून अधिक, म्हणून सवलत मिळालेल्या संस्था किमान सहा आणि जुन्या संस्थाही किमान सहा. सहा आणि सहा मिळून बारा होतात, संस्था मात्र अकराच. तेव्हा किमान एक संस्था दोन्ही गटांत असलीच पाहिजे. ती जुनी आहे, तिला सवलत मिळाली आहे, आणि सवलत फक्त आवारात विल्हेवाट लावणाऱ्यांनाच मिळाली असल्याने तिने तसे केले, हे उघड आहे. ‘असे कुठेच म्हटलेले नाही’ हा तिचा आक्षेप शब्दशः खरा होता. परंतु उताऱ्यात म्हटलेले असते तर ते अनुमान राहिले नसते, नुसते पुनर्लेखन झाले असते.

येथे एक सावधगिरी हवी. दोन ‘बहुतेक’ जोडून निष्कर्ष निघतो तो दोन्ही विधाने एकाच गटाविषयी असतील तरच. ‘बहुतेक वकील पदवीधर आहेत आणि बहुतेक पदवीधर शहरात राहतात’ यावरून शहरात राहणाऱ्या एकाही वकिलाची खात्री देता येत नाही, कारण वकील हे पदवीधरांचा अगदी लहान भाग असू शकतात. हा भेद नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी लहान संख्या घेऊन तपासलेला बरा.

चुकांची वर्गवारी

तिच्या जुन्या मॉक परीक्षांतील चुकलेले अनुमान-प्रश्न एकत्र काढून ते विषयानुसार नव्हे, तर निवडलेल्या चुकीच्या पर्यायाच्या स्वरूपानुसार लावले. तीन गट पडले. सर्वांत मोठा गट वर सांगितल्याप्रमाणे विधान फुगवण्याचा होता: एकापाठोपाठ घडले त्याला कारण मानणे, काहींविषयीचे सर्वांना लावणे, लेखकाच्या सूचनेला त्याचे म्हणणे ठरवणे.

दुसरा गट ‘आ’ पर्यायासारख्या चुकांचा होता. ‘फक्त त्यांनाच सवलत’ यावरून ‘त्या सर्वांना सवलत’ असे ती वाचत असे. यासाठी नवे काही शिकवावे लागले नाही. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास ही दोन स्वतंत्र प्रमेये म्हणून शिकवली जातात आणि दोघांची सिद्धता वेगवेगळी द्यावी लागते, हे तिला पक्के ठाऊक होते. चौरसाचे कर्ण समान असतात. समान कर्णांचा प्रत्येक चौकोन मात्र चौरस नसतो, कारण मध्ये आयत उभा असतो. ‘आ’ हा उताऱ्यातील विधानाचा व्यत्यास आहे आणि त्याची सिद्धता उताऱ्यात नाही, एवढे म्हटल्यावर तिने स्वतःच उदाहरण दिले: एखादी संस्था कचरा आवारात जिरवत असेल, पण तिचा कर थकला असेल म्हणून सवलत नाकारली गेली असेल. याउलट ‘जिने आवारात विल्हेवाट लावली नाही, तिला सवलत मिळाली नाही’ हे विधान निघते, आणि परीक्षक पुष्कळदा बरोबर उत्तर याच रूपात दडवतात. आपल्याकडील न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, ही बाब फार पूर्वी हेरली होती. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, पण अग्नीवरून धूर नाही, आणि त्यासाठी नैयायिक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण देतात, ज्यात आग आहे आणि धूर नाही.

तिसरा गट लहान होता आणि सर्वांत चिवट ठरला. त्याकडे पुढे येतो.

पर्याय पाडण्याचा प्रयत्न

उपाय म्हणून तिला एकच कृती दिली. पर्याय बरोबर का आहे, हे शोधायचे नाही. उतारा पूर्ण खरा राहील आणि तरीही तो पर्याय खोटा ठरेल अशी एखादी परिस्थिती रचता येते का, ते पाहायचे. रचता आली तर पर्याय पडला. अनेक प्रयत्न करूनही रचता आली नाही, तर तो निष्कर्ष निघतो. ‘अ’ पाडण्यासाठी तिने असे सुचवले की त्या संस्था सवलतीच्या कितीतरी आधीपासूनच खत तयार करत असतील आणि वजन घटले ते प्रभागातले मोठे मंगल कार्यालय बंद पडल्यामुळे. ‘ई’ पाडायला तर तिला विचारही करावा लागला नाही, कारण उताऱ्यात नव्या संस्थांविषयी एक अक्षर नाही. ‘इ’ पाडण्याचा प्रयत्न मात्र दर वेळी अकरा आणि बाराच्या हिशेबावर येऊन अडला.

या पद्धतीचा खरा लाभ असा की तिच्या वाद घालण्याच्या शक्तीला काम मिळाले. पूर्वी ती आवडलेल्या पर्यायाचे वकीलपत्र घेत असे. आता त्याच पर्यायाची उलटतपासणी घेऊ लागली. पहिल्या दोन गटांतील चुका त्यानंतर झपाट्याने कमी झाल्या.

क्लासांतून एक सोपा नियम सर्रास सांगितला जातो, की ‘सर्व’, ‘कधीच नाही’, ‘केवळ’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय काटावा आणि ‘काही’, ‘शक्य आहे’ असे मवाळ शब्द असलेला ठेवावा. मी तो नियम तिला दिला नाही, तरी मैत्रिणींकडून तो तिच्यापर्यंत पोहोचलाच आणि काही दिवस तिने तो वापरलाही. वरील उताऱ्यातच ‘प्रभागातील काही संस्थांना सवलत मिळाली नाही’ असा मवाळ पर्याय घातल्यावर तिने तो बिनदिक्कत स्वीकारला. तो चुकीचा आहे. तर्काच्या हिशेबात ‘बहुतेक’ म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि त्यात ‘सर्व’ सामावू शकतात. अकराच्या अकरा संस्थांना सवलत मिळाली असली तरी उतारा खराच राहतो. रोजच्या बोलण्यात मात्र ‘बहुतेक पाहुणे आले’ असे कोणी सांगितले तर काही आले नाहीत, असे आपण समजतो आणि तसे समजणे योग्यही असते. सगळे आले असते तर बोलणाऱ्याने तसेच नेमके सांगितले असते, या अपेक्षेवर असे संवाद चालतात. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने 1975 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याची मांडणी केली आहे. परीक्षा ही अपेक्षा बाजूला ठेवते. याउलट उताराच टोकाचा असेल, उदाहरणार्थ ‘मुदतीनंतर आलेला एकही अर्ज स्वीकारला गेला नाही’, तर निष्कर्षही टोकाचाच निघतो. शब्दाची तीव्रता एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. ती उताऱ्यातील तीव्रतेशी ताडून पाहावी लागते.

उपायाचा उलटा परिणाम

पर्याय पाडण्याची सवय अंगवळणी पडल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. युक्तिवाद बळकट किंवा दुबळा करणारा पर्याय निवडण्याचे जे प्रश्न तिला पूर्वी येत होते, ते चुकू लागले. कारण उघड होते. त्या प्रश्नांत पर्याय हे खरे मानायचे असतात आणि त्यांनी उताऱ्यातील दाव्याचे काय होते ते पाहायचे असते. तिथे नवी माहिती येणे अपेक्षितच आहे. ती मात्र ‘हे उताऱ्यात नाही’ म्हणून तोच पर्याय काटत होती. गृहीतकाच्या प्रश्नात गंमत आणखी वेगळी आहे, कारण गृहीतक उताऱ्यात लिहिलेले नसते, तरी ते काढून घेतले की युक्तिवाद कोसळतो. म्हणून उतारा वाचण्याआधी प्रश्नाची ओळ वाचायची आणि समासात एकच अक्षर लिहायचे असे ठरवले: निष्कर्षासाठी ‘नि’, गृहीतकासाठी ‘गृ’, बळकट किंवा दुबळे करण्यासाठी बाण वर किंवा खाली.

याच टप्प्यावर एलसॅट या अमेरिकेतील विधी प्रवेश परीक्षेचे जुने प्रश्न सरावाला घेतले. त्या परीक्षेतून ऑगस्ट 2024 पासून कोड्यांचा विभाग काढून टाकण्यात आला असून गुण धरल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन आता युक्तिवादाच्या तर्काचे असतात, त्यामुळे या सरावासाठी तिथे भरपूर साहित्य मिळते. तिथे अनुमानाच्या प्रश्नांच्या दोन जाती स्पष्ट दिसतात. एकीत ‘काय खरे असलेच पाहिजे’ असे विचारतात, दुसरीत ‘कोणत्या विधानाला वरील मजकूर सर्वाधिक आधार देतो’ असे. दुसऱ्या जातीत कडक कसोटी लावली तर सगळेच पर्याय पडू शकतात, आणि तसे तिचे झालेही. तिथे प्रश्न असा ठेवावा लागतो, की कोणता पर्याय पाडण्यासाठी सर्वांत ओढूनताणून परिस्थिती रचावी लागते. क्लॅटचे उतारे वृत्तपत्रीय लेखांच्या वळणाचे असतात आणि त्यांतले अनुमानाचे प्रश्न बहुतांशी या दुसऱ्या जातीकडे झुकतात, असे माझे निरीक्षण आहे. ‘बहुतेक’ आणि ‘फक्त’ यांचा शुद्ध हिशेब तिथे कमी येतो. पण तो पक्का असल्याशिवाय सैल जातीत किती सैल व्हायचे, हे कळत नाही.

कांद्याचा उतारा

आता तिसरा गट. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे 2024 मध्ये ती उठवून किमान निर्यात मूल्य व 40 टक्के निर्यातशुल्क ठेवले. या निर्णयावर बेतलेला एक उतारा वर्गात सोडवायला होता. त्यातला कळीचा भाग असा होता: बंदीमुळे किरकोळ बाजारातील दर आटोक्यात ठेवता येतात असे सरकारचे म्हणणे आहे, ज्या शेतकऱ्यांकडे साठवणुकीची सोय नाही, त्यांना काढणीनंतर आठवड्याभरात सगळा माल मिळेल त्या दराने विकावा लागतो, बंदी उठल्यानंतर दर वाढले, पण तोपर्यंत काढणी होऊन दोन महिने उलटले होते. बरोबर निष्कर्ष साधा होता, की साठवणुकीची सोय नसलेल्या शेतकऱ्यांना त्या हंगामाच्या मालावर पुढील दरवाढीचा लाभ मिळाला नाही. तिने निवडलेला पर्याय होता, ‘लाल कांदा पिकवणाऱ्यांना बंदीचा फटका उन्हाळ कांदा पिकवणाऱ्यांपेक्षा अधिक बसला.’

तिचे घर लासलगावच्या बाजार समितीपासून फार लांब नाही. ती म्हणाली, “सर, लाल कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकतच नाही. डिसेंबरात बाजारात असतो तो लालच. उन्हाळ निघतो मार्च-एप्रिलला, तो चाळीत चार-पाच महिने राहतो. मग फटका कुणाला बसला?”

हे सगळे खरे आहे, आणि उतारा लिहिणाऱ्याला त्यातले कितपत ठाऊक होते याची मला शंका आहे. परंतु उताऱ्यात कांद्याच्या जातींचा उल्लेख नाही. पर्याय पाडण्याची कृती येथे लंगडी पडली, आणि ती का पडली हे समजायला थोडा वेळ लागला. ‘उतारा खरा, पण लाल कांदावाल्याला अधिक फटका नाही’ अशी परिस्थिती रचायची तर लाल कांदा चाळीत टिकतो असे काहीतरी कल्पावे लागते, आणि ती कल्पना करायलाच तिचे मन तयार होत नव्हते. ज्या विषयाची माहिती नाही तिथे काल्पनिक परिस्थिती सहज सुचते. ज्या विषयात आपण वाढलो तिथे वस्तुस्थितीच आडवी येते. महापालिकेच्या उताऱ्यात तिने मंगल कार्यालय क्षणात बंद पाडले होते.

यावर दोन गोष्टी करून पाहिल्या. एक म्हणजे उताऱ्यातील परिचित नावे मनातल्या मनात पुसून तिथे अक्षरे बसवायची: कांद्याच्या जागी ‘क’ हा माल, लालच्या जागी ‘प’, उन्हाळच्या जागी ‘फ’. ‘प’ आणि ‘फ’ उताऱ्यात कुठे आहेत, असे विचारताच पर्याय आपोआप गळतो. ही युक्ती चालली, पण तिला वेळ लागतो आणि लांब उताऱ्यात ती तुटते. दुसरी गोष्ट अधिक उपयोगी पडली. उतारा वाचून झाल्यावर विषयाबद्दल आपल्याला ठाऊक असलेली आणि उताऱ्यात नसलेली एक बाब मनाशी उच्चारायची, म्हणजे ती पर्यायांत दिसताच ओळखू येते. परीक्षक असे पर्याय मुद्दाम ठेवतात. विषयाची जाण असलेल्याला भुरळ पडावी, हाच त्यांचा हेतू असतो. शेती, आरक्षण, भाषेचा प्रश्न असे उतारे आले की तिच्या चुका अजूनही इतर विषयांपेक्षा अधिक होतात, हे मात्र नोंदवले पाहिजे.

वेळ आणि गुण

चारही पर्याय पाडून पाहायला 120 मिनिटांत सवड नसते. म्हणून पहिल्या वाचनात नवे पात्र आणणारे आणि व्यत्यास मांडणारे पर्याय काटायचे, आणि उरलेल्या दोघांनाच कसोटी लावायची, असे ठरले. दोन पर्याय उरले आणि निर्णय होत नसेल तर ती प्रश्न सोडून देत असे. ‘निगेटिव्ह नको’ ही भीती. गणित तसे सांगत नाही. दोनांपैकी एक अंदाजाने निवडला तर सरासरी 0.5 वजा 0.125, म्हणजे 0.375 गुण पदरात पडतो. एकच पर्याय काटता आला तरी हिशेब सुमारे 0.17 इतका फायद्याचा राहतो. कॅटमध्ये, म्हणजे व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेत, बरोबर उत्तराला 3 आणि चुकीच्या बहुपर्यायी उत्तराला उणे 1 असल्याने निव्वळ अंदाज शून्यावर येतो, क्लॅटमध्ये तो तिथेही किंचित धन राहतो. तेव्हा अनुमानाचा प्रश्न कोरा सोडायचा नाही, असे तिने मान्य केले.

उत्तरतालिकेशी वाद घालण्याची तिची सवय मी मोडली नाही. डिसेंबर 2024 च्या क्लॅटच्या उत्तरतालिकेवरून विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने काही उत्तरांत हस्तक्षेप केला. तेव्हा उत्तरतालिका चुकूच शकत नाही, असे कायद्याच्या भावी विद्यार्थिनीला सांगणे शोभले नसते. अट एवढीच घातली, की वाद उताऱ्यातील ओळीवर बोट ठेवून घालायचा. तिच्या वहीत आता प्रत्येक वादग्रस्त प्रश्नापुढे ओळीचा क्रमांक असतो. जिथे क्रमांक लिहिता येत नाही, तिथे ती चौकट रिकामी ठेवते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते.